डावीकडून एकच दिवा

बाई म्हणाल्या, कदम, सगळ्या ट्यूबा बंद करा,
डावीकडून एकच दिवा हवा.
मी खिडक्यांना काळं कापड मारलं,
शंभराच्या बल्बाला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला
आणि तीन वेळा शिडी सरकवली,
कारण उजेड कानापाशी संपून चालणार नव्हतं,
नाकापाशी संपायला हवा होता.

बडोद्याच्या या कॉलेजात वायरमन होऊन मला एकोणीस वर्षं झाली.
फ्यूज, पंखे, गॅदरिंगची तोरणं;
विश्वामित्रीच्या पुरात मेन स्विचपाशी मगर येऊन बसली
तेव्हाही मलाच बोलावलेलं.
पण उजेड कुठे संपवायचा,
हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

भिंतीवर स्लाइड होती.
हॉलंडातली म्हातारी, तीन-साडेतीनशे वर्षांमागची,
कांदा सोलताना मध्येच थांबलेली.
कपाळावर थिजल्या तुपासारखा उजेड,
हनुवटीखाली विहीर.
खाली लिहिलेलं: बाईचं नाव अज्ञात.
मुकुटावर पाडतात तसला उजेड
तिच्या कांद्यावर पाडला होता, एवढं मला कळलं.
बाई पुढे बरंच बोलल्या. मी होल्डर घट्ट करत होतो.

समोर स्टुलावर जगमोहनभाई.
रावपुऱ्यात जिन्याखाली इस्त्रीची लारी.
तासाला साठ रुपये, मध्ये एक चहा.
हलू नका म्हटलं की हलायचा नाही,
पण उजवा हात मांडीवर आपोआप मागेपुढे जायचा,
नसलेल्या शर्टावरून.
बाई म्हणाल्या, जाऊ द्या, तो हात अंधारातच आहे.

सुट्टीत तो एकेका ईझलपाशी जाऊन उभा राहिला.
बावीस पोरं, बावीस अर्धे जगमोहन.
माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला,
"कदमभाई, अर्धाच काढलाय. पैसा तो पूरा मळशे ने?"
मिळाले पुरे.
रजिस्टरात लिहिलं: मॉडेल, पुरुष, नग एक.
त्याखालची ओळ माझी होती: बल्ब, नग दोन.

दिवाळीनंतर तो आला नाही.
लारीवर ताडपत्री, ताडपत्रीवर मांजर.
शेजारच्या पानवाल्यानं नुसती मान हलवली.

मार्चात प्रदर्शन भरलं.
एका पोरीच्या कॅनव्हासला बक्षीस,
खाली चिठ्ठी: 'अभ्यास, सात'.
मला सांगितलं, समोरून स्पॉट द्या, चकाकी नको.
मी दिला. पण जरासा डावीकडे सरकवून;
त्याला सवय होती.

शेवटच्या दिवशी सहाला रेवाबेन आली.
निरोप मीच धाडला होता.
नको नको म्हणेस्तोवर तिनं चपला दाराबाहेर काढल्या.
उजळलेल्या गालाकडे पाहिलंच नाही तिनं,
सरळ काळ्याकडे गेली,
जिथे रंगाच्या दोन ट्यूबांपलीकडे काहीच नव्हतं.
बोट हवेत धरलं, कॅनव्हासला न लावता:
"हा कान. लहानपणी माकडानं फाडलेला.
इथे भाजल्याचा डाग, लग्नाआधीचा.
सगळं बराबर काढलंय."

मी वाकून पाहिलं.
काही नव्हतं. शपथ.
मग बराच वेळ आम्ही दोघं
त्या काहीनाहीकडे बघत राहिलो.

वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला.
चपला घालता घालता ती म्हणाली,
दिवा एकदम नका घालवू.
आमच्या स्विचला एकदमच जमतं,
डिमरची फाइल अजून मंजूर व्हायचीय.
म्हणून शिडी लावली,
तापलेला पत्रा हातरुमालानं धरला
आणि दिवा हळूहळू उजवीकडे फिरवत नेला
त्याच्यावरून,
आधी गाल,
मग नाक,
मग तो फाटका कान.